एक भट्टी शब्दावर, दुसरी पहाऱ्यात

घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याने दक्षिणेला निघाले की देवनार मागे पडते. शीव-पनवेल महामार्ग ओलांडल्यावर अणुशक्तीनगरची वसाहत लागते आणि तिच्याही पलीकडे, तुर्भ्याची टेकडी आणि मुंबईची खाडी यांच्या मधल्या पट्टीत भाभा अणुसंशोधन केंद्र उभे आहे. उपनगरात जन्म काढलेल्या माणसालाही आत जाता येत नाही. घारापुरीच्या लाँचमधून मात्र केंद्राचे घुमट लांबून दिसतात. त्यांतला एक ‘सायरस’ अणुभट्टीचा. १९६० साली पेटलेली ही भट्टी ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची बंद झाली.

तिथून उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर दुसरा पत्ता आहे. अंधेरी किंवा बोरिवलीहून डहाणू लोकल पकडावी, बोईसरला उतरावे आणि किनाऱ्याकडे वळावे. तिथे तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. त्याच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या.

तुर्भे आणि तारापूर ही दोन्ही होमी भाभांची योजना. दोन्हींना परदेशी मदत लागली आणि दोन्हींचे करार सात वर्षांच्या अंतराने झाले. पण त्या करारांत जमीन-अस्मानाचा फरक होता. तुर्भ्याची भट्टी कॅनडा आणि अमेरिकेने भारताच्या शब्दावर दिली. तपासायला कोणी यायचे नव्हते. तारापूरच्या भट्ट्यांवर मात्र पहिल्यापासून पहारा होता. तुर्भ्यात भारताने दिलेला शब्द ताणला. तारापुरात भारताने प्रत्येक कलम पाळले आणि शब्द फिरवला तो अमेरिकेने. अण्वस्त्रबंदीच्या जागतिक वादात गेली सत्तर वर्षे जे अडले आहे, ते सगळे या दोन भट्ट्यांच्या हकिकतीत सापडते.

चॉक रिव्हरची प्रतिकृती

८ डिसेंबर १९५३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ‘शांततेसाठी अणू’ची घोषणा केली. अणुविज्ञान इतर देशांना देऊ, त्यांनी ते वीज आणि औषधांसाठी वापरावे, आणि या देवाणघेवाणीवर एका आंतरराष्ट्रीय संस्थेने देखरेख ठेवावी, असा तो प्रस्ताव होता. तीनच महिन्यांनी, १ मार्च १९५४ रोजी, त्याच अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. किरणोत्सर्गी राख दूरवर पसरली आणि एका जपानी मच्छीमार बोटीवरचे सगळे खलाशी आजारी पडले. त्यांपैकी एक पुढे दगावला. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या तूर्त थांबवण्याची मागणी केली. असे जाहीरपणे मागणाऱ्या राष्ट्रनेत्यांत ते अगदी पहिल्यांपैकी होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अणुऊर्जा खाते स्थापन झाले, भाभा त्याचे सचिव झाले आणि तुर्भ्याच्या जागेवर काम सुरू झाले. म्हणजे भारताच्या अणुधोरणाचे दोन धागे एकाच वर्षी निघाले: जगाने बाँब सोडावा ही मागणी, आणि आपल्याला अणू पूर्ण हाताळता यावा ही जिद्द. भारताच्या पुढच्या साऱ्या भूमिका या दोन धाग्यांच्या ओढाताणीतून तयार झाल्या.

४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्यात ‘अप्सरा’ सुरू झाली. ही पाण्याच्या टाकीत बसवलेली छोटी भट्टी होती. आराखडा आणि बांधणी इथल्याच माणसांची, इंधन ब्रिटनचे. पाण्यात उमटणारा निळा उजेड पाहून नेहरूंनी तिला हे नाव दिले. पण एक मेगावॅटची अप्सरा शिकण्यापुरतीच होती. भाभांना मोठी भट्टी हवी होती आणि ती कॅनडाकडे होती.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरची पहिली जागतिक परिषद भरली, तिचे अध्यक्षपद भाभांकडे होते. कॅनडाच्या चॉक रिव्हर प्रयोगशाळेचे प्रमुख डब्ल्यू. बी. लुईस हे त्यांचे केंब्रिजच्या दिवसांपासूनचे परिचित. चॉक रिव्हरच्या एनआरएक्स भट्टीसारखी ४० मेगावॅट औष्णिक शक्तीची भट्टी कोलंबो योजनेतून भारताला देण्याचे ठरले आणि २८ एप्रिल १९५६ रोजी दिल्लीत करारावर सह्या झाल्या. लागणारे जड पाणी अमेरिकेने विकले. कॅनडा, इंडिया, रिॲक्टर आणि यूएस यांच्या आद्याक्षरांतून पुढे ‘सायरस’ हे नाव घडले.

करारातली बंधने किती होती? भट्टी आणि तिच्यातून निघणारे पदार्थ शांततेच्या कामासाठीच वापरू, असे भारताने मान्य केले. अमेरिकेच्या जड पाण्याच्या करारातही तशीच अट होती. पण ती पाळली जाते की नाही हे कोणी, कधी, कसे बघायचे, याबद्दल अवाक्षर नव्हते. कारण साधे होते. देखरेख करणारी आंतरराष्ट्रीय संस्था तेव्हा जन्मालाच यायची होती. शिवाय शीतयुद्धाच्या काळात राष्ट्रकुलातला मोठा लोकशाही देश दुखवायची कॅनडाची तयारी नव्हती.

एका मुद्द्यावर भाभा हटून बसले, तो म्हणजे इंधन. कॅनडाला आपलेच इंधन वापरले जावे असे वाटत होते. भाभांनी युरेनियमच्या कांड्या तुर्भ्यातच बनवायचे ठरवले. धातुशास्त्रज्ञ ब्रह्मप्रकाश यांच्या पथकाने ते जमवले आणि पहिल्या भरणीतला निम्मा वाटा भारतीय कांड्यांचा होता. १० जुलै १९६० रोजी सायरस पेटली.

नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या अशा भट्टीत युरेनियमचा काही भाग प्लुटोनियममध्ये बदलतो. कांड्या फार काळ जाळल्या नाहीत तर निघणारे प्लुटोनियम बाँबच्या दर्जाचे असते. ते वेगळे काढणारा कारखानाही भारताने तुर्भ्यातच स्वतः उभारला आणि जानेवारी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी त्याचे उद्घाटन केले. त्या कारखान्यावर तर कुणाच्याच शब्दाचे बंधन नव्हते.

सायरसने केवळ प्लुटोनियम दिले असे नाही. तिच्यात तयार झालेली किरणोत्सर्गी समस्थानिके औषधोपचारात आणि उद्योगांत वर्षानुवर्षे वापरली गेली. एकाच गाभ्यातून उपचाराचे द्रव्यही निघते आणि बाँबचेही. म्हणूनच अणूच्या बाबतीत हेतूवर विसंबून चालत नाही, मोजावे लागते.

मोजमाप कोणाचे?

हे मोजमाप कोणाचे व्हावे यावर १९५६ सालीच मोठा वाद झाला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना ठरवण्याच्या न्यूयॉर्कमधल्या चर्चेत भाभा भारताची बाजू मांडत होते. त्यांचा आक्षेप असा की, जो देश मदत घेईल त्याच्यावर संस्थेची नजर राहणार, म्हणजे गरीब देशाचा वीजनिर्मितीचा कारभार परक्यांच्या हाती जाणार. ज्यांच्याकडे बाँब आहेत आणि ज्यांना मदत नको, ते मात्र मोकळे. अशाने जगात देशांच्या दोन जाती पडतील. वजनमापे निरीक्षकाने बाजारातल्या जुन्या पेढ्यांना रामराम करून पुढे जावे आणि फक्त नव्या दुकानदारांचे काटे तपासावेत, तशातली ही गत. अखेर तडजोडीचा मसुदा मान्य झाला आणि १९५७ साली व्हिएन्नात संस्था सुरू झाली. भाभांची तक्रार रास्त होती. मात्र ती मांडणाऱ्या देशाच्या खिशात तेव्हाच विनातपासणी भट्टीचा करार पडलेला होता, हेही विसरता येत नाही.

१६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने पहिली अणुचाचणी केली. आठवड्याभराने, २४ ऑक्टोबरला, भाभा आकाशवाणीवर बोलले. निमित्त संयुक्त राष्ट्र दिनाचे आणि विषय निःशस्त्रीकरणाचा. पण लोकांच्या लक्षात राहिले ते त्यांनी सांगितलेले आकडे: दहा किलोटनांच्या स्फोटाला साडेसतरा लाख रुपये, दोन मेगाटनांच्या स्फोटाला तीस लाख. भाषण बाँब नसावा यासाठी होते. ऐकणाऱ्यांच्या मनात मात्र बाँब स्वस्त आहे एवढेच राहिले. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नातल्या अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघालेले भाभा माँ ब्लाँ शिखरावरच्या विमान अपघातात गेले. पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव मिळाले.

याच काळात अण्वस्त्रप्रसारबंदी करार आकाराला येत होता. अण्वस्त्रधारी आणि इतर देशांच्या जबाबदाऱ्यांचा तोल सांभाळला गेला पाहिजे, हे तत्त्व १९६५ साली संयुक्त राष्ट्रांच्या ठरावात घालून घेण्यात भारताचा मोठा वाटा होता. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला तेव्हा परराष्ट्रमंत्री झाले होते; १९६७ साली संसदेत त्यांनी हेच मुद्दे मांडले. पण १९६८ साली सह्यांसाठी खुल्या झालेल्या करारात हा तोल नव्हता. १ जानेवारी १९६७ च्या आधी ज्यांनी स्फोट केला ते पाच देशच अधिकृत अण्वस्त्रधारी. बाकीच्यांनी बाँबही सोडायचा आणि तपासणीही सोसायची. पाच मोठ्यांनी काय करायचे? सहाव्या कलमानुसार निःशस्त्रीकरणासाठी सद्भावनेने वाटाघाटी. त्याला ना मुदत होती ना मोजमाप. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कायद्यात इतक्या उघडपणे क्वचितच लिहिले गेले असेल. भारताने सही केली नाही.

तारापूरची मोहोर

तारापूरचा मार्ग वेगळा होता. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिकेत तीस वर्षांचा करार झाला. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने दोन भट्ट्या बांधून द्यायच्या, त्यांना लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेनेच पुरवायचे, आणि भारताने तेच इंधन वापरायचे व तपासणी मान्य करायची. अणुव्यवहारात या बंधनांना सगळे ‘सेफगार्ड्‌स’ म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये त्यांना विरोध करणाऱ्या भाभांनी तारापुरात ते स्वीकारले. मुंबई आणि गुजरातच्या गिरण्या-कारखान्यांना वीज हवी होती, आणि तपासणीच्या बदल्यात तीस वर्षांच्या इंधनाची हमी मिळत होती.

ही तपासणी होते तरी कशी? इंधनाच्या प्रत्येक जुडग्याला क्रमांक असतो. नवे किती आले, भट्टीत किती गेले, जळून किती बाहेर पडले, ही सगळी वही जुळावी लागते. अशा प्रकारच्या भट्टीत इंधन बदलायचे तर ती बंद करून वरचे झाकण उघडावेच लागते. म्हणून झाकण बसले की मोहोर लावली तरी मधल्या काळाची खात्री होते. संस्थेची जुनी धातूची मोहोर नाण्याएवढी असे. दोन वाट्या एकमेकींत बसवायच्या आणि त्यांतून तार ओवायची. वाटीच्या आतल्या बाजूला आधीच वेडेवाकडे ओरखडे काढून त्यांचा फोटो व्हिएन्नात ठेवलेला असे. पुढच्या खेपेला निरीक्षक तार कापून ती मोहोर घेऊन जात आणि नवी लावत. जुनीचे ओरखडे फोटोशी ताडून पाहिले जात. कुणी मोहोर बदलली असेल तर तेच ओरखडे पुन्हा काढणे जवळपास अशक्य. आठ किलो प्लुटोनियम हे संस्थेने धोक्याचे माप ठरवले आहे. तेवढे गहाळ झाले तर एक बाँब होऊ शकतो असे समजायचे. तारापुरातून काही गहाळ झाले, असा ठपका भारतावर कधी आला नाही.

मे १९७४

१८ मे १९७४. सकाळी राजस्थानात पोखरणच्या वाळवंटात स्फोट झाला. होमी सेठना तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते, राजा रामण्णा भाभा केंद्राचे संचालक. या कामाची माहिती असलेली शास्त्रज्ञ मंडळी पाऊणशेच्या आसपास. त्यांत तिशीतला एक मराठी अभियंता होता, रुपारेल महाविद्यालय आणि व्हीजेटीआयमध्ये शिकलेले अनिल काकोडकर. प्लुटोनियम सायरसमधले होते.

सरकार म्हणाले, हा शांततामय अणुस्फोट आहे. हे अगदीच हास्यास्पद नव्हते. कालवे खणायला आणि तेल-वायू काढायला अणुस्फोट वापरण्याचे प्रयोग अमेरिका आणि सोव्हिएत संघ तेव्हा करतच होते. ‘शांततामय’ म्हणजे काय हे करारात कुठेच सांगितले नव्हते. पण पळवाट अजाणतेपणी सापडलेली नव्हती. ऑक्टोबर १९७१ मध्येच कॅनडाचे पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी इंदिरा गांधींना पत्र लिहून कळवले होते की, कॅनडाच्या मदतीतून स्फोट झाला तर आम्ही तो करारभंग मानू. दिल्लीने तो अर्थ मान्य केला नाही. आपले जड पाणी वापरले गेले नाही असे अमेरिका आधी म्हणत राहिली. १९७६ साली तिला ते कबूल करावे लागले. आणि १९९७ मध्ये रामण्णांनी स्वतःच सांगून टाकले की तो बाँब होता.

परिणाम तत्काळ झाले. कॅनडाने मदत थांबवली, राजस्थानातली दुसरी भट्टी भारतीय अभियंत्यांना एकट्याने पुरी करावी लागली. पुरवठादार देश लंडनमध्ये जमले आणि त्यांतून अणुपुरवठादार गट, म्हणजेच एनएसजी, उभा राहिला. तुर्भ्यातल्या एका भट्टीमुळे जगाच्या अणुव्यापाराची नियमावली बदलली. इथल्या शास्त्रज्ञांच्या पिढीने त्या बहिष्कारातून पुष्कळ काही स्वतः उभे केले आणि त्याचा त्यांना अभिमान आहे, तो योग्यच आहे. पण नुकसान दुसरीकडे झाले. नुसत्या शब्दावर कुणाला काही द्यायचे नाही, हा धडा श्रीमंत देश सायरसचे नाव घेऊन देऊ लागले आणि भाभांचा समानतेचा मुद्दा मागे पडला.

अडलेले इंधन

याच धड्याची किंमत तारापूरने मोजली. मार्च १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला. ज्या देशाच्या सगळ्या अणुकेंद्रांवर तपासणी नाही, त्याला इंधन द्यायचे नाही. १९६३ च्या करारात अशी अट नव्हती, पण नवा कायदा जुन्या कराराच्या डोक्यावर बसला. पंतप्रधान होते मोरारजी देसाई, एकेकाळचे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. बाँब बनवणार नाही, असे ते जून १९७८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत जाहीरपणे म्हणाले. बाँबला त्यांचा खरोखरच विरोध होता. तरीही सर्व केंद्रांच्या तपासणीला त्यांनी नकार दिला. मोठे देश स्वतःची केंद्रे उघडत नाहीत तोवर आम्ही का उघडावीत, हा त्यांचा सवाल. त्याच वर्षाच्या सुरुवातीला दिल्लीत आलेले अध्यक्ष कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्यांच्या कानात म्हणाले की देसाईंना एक थंड आणि रोखठोक पत्र धाडले पाहिजे. मायक्रोफोन चालू होता आणि ते जगाला ऐकू गेले.

१९८० साली तारापूरच्या इंधनाची खेप वॉशिंग्टनमध्ये अडकली. तिथल्या अणुनियामक आयोगाने परवाना नाकारला, कार्टरनी तो निर्णय फिरवला, प्रतिनिधी सभेने विरोध केला, आणि सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ मतांनी ती खेप कशीबशी सुटली. बोईसरजवळच्या भट्ट्या चालणार की नाही, हे सात समुद्रांपलीकडे दोन मतांनी ठरत होते. १९८२ मध्ये पुरवठ्याची जबाबदारी फ्रान्सने घेतली. १९९३ मध्ये करार संपल्यावर इंधनही थांबले आणि तपासणीचे बंधनही. त्यानंतरही भारताने तारापूरची तपासणी आपण होऊन चालू ठेवली. पुढे काही काळ इंधन आले ते चीनकडून आणि मग रशियाकडून. जळालेले इंधन मात्र तिथेच साठत राहिले. त्यातले प्लुटोनियम काढायला अमेरिकेने संमती दिली नव्हती.

तपासणी पूर्ण होती, गडबड शून्य होती, आणि तरीही पुरवठादाराने हात आखडला. दिल्लीतले अधिकारी नंतर कित्येक वर्षे हे उदाहरण देत राहिले. त्यात तथ्य होते.

बावीस वर्षांचा आराखडा

९ जून १९८८ रोजी राजीव गांधी संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरणावरच्या विशेष अधिवेशनात बोलले. त्यांनी तीन टप्प्यांचा आराखडा मांडला. २०१० पर्यंत सगळ्यांनी सगळी अण्वस्त्रे नष्ट करायची. अण्वस्त्रांच्या उंबरठ्यावरच्या देशांनी तो ओलांडायचा नाही. पडताळणी सर्वांना सारखी. भाभांपासून चालत आलेल्या तक्रारीला इथे पहिल्यांदा तारीखवार कार्यक्रमाचे रूप मिळाले. तेव्हा जगात साठ हजारांहून अधिक अण्वस्त्रे होती. मोठ्या देशांनी आराखड्याची दखलही नीट घेतली नाही.

मे १९९५ मध्ये प्रसारबंदी करार कायमस्वरूपी झाला, म्हणजे पाच जणांचा विशेषाधिकारही कायमचा झाला. जुलै १९९६ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्ला देताना निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी पूर्णत्वाला नेणे हे बंधनच आहे असे म्हटले. त्याच सुमारास जिनिव्हात सर्वंकष चाचणीबंदीचा मसुदा अडला. भारताच्या राजदूत होत्या मुंबईत वाढलेल्या अरुंधती घोष. निःशस्त्रीकरणाची मुदत नाही आणि वर भारताच्या सहीवाचून करार लागू होणार नाही अशी पाचर मारलेली, म्हणून त्यांनी तो रोखला. १९५४ साली चाचणीबंदी मागणारा देश १९९६ साली तिच्या आड आला. आणि मे १९९८ मध्ये पोखरणला पुन्हा स्फोट झाले. या वेळी कोणी त्यांना शांततामय म्हटले नाही.

तेव्हाच्या जल्लोषातही वेगळे आवाज होते. नौदलाचे माजी प्रमुख, माटुंग्यात जन्मलेले आणि निवृत्तीनंतर अलिबागजवळ शेती करणारे ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास बाँबविरोधी चळवळीत उतरले. पवईच्या आयआयटीत शिकलेले पत्रकार प्रफुल्ल बिडवई सातत्याने लिहीत राहिले. आनंद पटवर्धनांनी ‘जंग और अमन’ हा माहितीपट काढला आणि सेन्सॉरच्या कात्रीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात लढून तो दाखवण्याचा हक्क मिळवला. भौतिकशास्त्रज्ञ एम. व्ही. रमणा यांनी १९९९ साली मुंबईवर एक हिरोशिमाएवढा बाँब पडला तर काय होईल याचा हिशेब मांडला. मृतांचा आकडा लाखोंत जात होता. उपनगरांतली दाट वस्ती आणि नेहमीच्याच दिवशी भरून वाहणारी रुग्णालये पाहिली तर नागरी संरक्षणाच्या गप्पा पोकळ ठरतात.

हापूस गेला, सायरस बंद झाली

२ मार्च २००६ रोजी मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांनी दिल्लीत अणुसहकार्याचा आराखडा पक्का केला. अणुकेंद्रांची नागरी आणि लष्करी अशी विभागणी करायची. नागरी भट्ट्यांवर तपासणी, लष्करी भट्ट्या मोकळ्या. वाटाघाटींत अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष म्हणून काकोडकर होते. याच भेटीत बुश यांनी भारतीय आंब्यांना अमेरिकेचे दार उघडले आणि २००७ साली भाभा केंद्राने लासलगावला उभारलेल्या विकिरण प्रकल्पातून गॅमा किरण घेऊन हापूस अमेरिकेला रवाना झाला.

तुर्भ्याचे काय? पन्नास वर्षांपूर्वीचा ‘शांततेसाठीच’ हा शब्द अजून सायरसच्या मानगुटीवर होता. तिला नागरी म्हणावे तर निरीक्षक भाभा केंद्राच्या आत येणार. लष्करी म्हणावे तर कॅनडाला दिलेला शब्द उघडपणे मोडणार. म्हणून नुकतीच मोठा खर्च करून दुरुस्त केलेली भट्टी २०१० मध्ये बंद करायचे ठरले. अप्सराचा इंधनगाभाही केंद्राबाहेर हलवायचे योजनेत आले. राजीव गांधींच्या आराखड्याप्रमाणे ज्या वर्षी जगातली अण्वस्त्रे संपायची होती, त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी बंद झाली ती सायरस. १९८५ पासून चालणारी, तिच्याहून मोठ्या ताकदीची धाकटी बहीण ‘ध्रुव’ कुंपणाआड, तपासणीबाहेर चालूच राहिली. २००८ मध्ये एनएसजीने भारताला सूट दिली. म्हणजे नियम बदलले नाहीत. पाचांच्या पंगतीच्या कडेला आपल्यालाही एक पाट मिळाला. ज्या भेदभावाविरुद्ध आपण पन्नास वर्षे भांडलो, त्याच्या लाभार्थ्यांत आपलीही गणना होऊ लागली. तेव्हापासून निःशस्त्रीकरणाबद्दलचा आपला आवाज बारीक झाला. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांत १२२ देशांनी अण्वस्त्रबंदीचा करार मंजूर केला, तेव्हा इतर अण्वस्त्रधारी देशांप्रमाणे भारतही त्या वाटाघाटींपासून दूर राहिला.

न्याय्य तपासणी म्हणजे काय

आज नऊ देशांकडे मिळून सुमारे बारा हजार अण्वस्त्रे आहेत. ती जावीत असे वाटणाऱ्याने तुर्भे आणि तारापूर या दोन्हींचे उत्तर दिले पाहिजे. सायरसला उत्तर हे की शब्दाला मोजमापाची जोड हवी. तारापूरला उत्तर हे की मोजमापाला हमीची जोड हवी, आणि ती हमी एका देशाच्या संसदेतल्या मतांवर टांगलेली नसावी.

दुसऱ्या गोष्टीची सुरुवात झाली आहे. कझाकस्तानात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची इंधन पेढी २०१७ साली उघडली. राजकारणामुळे कुणाचे इंधन अडले तर तिथून मिळावे, ही तिची कल्पना. 

समान तपासणीही स्वप्नरंजन नाही. ब्राझील आणि अर्जेंटिना हे एकमेकांकडे संशयाने पाहणारे शेजारी १९९१ पासून एकमेकांची अणुकेंद्रे मोजतात. दक्षिण आफ्रिकेने स्वतः बनवलेले सहा बाँब मोडले आणि मग निरीक्षकांना वह्या दाखवल्या. आपल्याकडे भारत आणि पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, कारण त्यांवर हल्ला करायचा नाही असा करार १९८८ साली झाला होता. कारगिल झाले, मुंबईवर हल्ला झाला, तरी याद्या दिल्या गेल्या. इतक्या वैरातही टिकलेली ही गोष्ट पुढच्या पावलाचा पाया होऊ शकते.

ते पाऊल म्हणजे बाँबसाठी नवे प्लुटोनियम आणि युरेनियम न बनवण्याचा करार. तो जिनिव्हात तीन दशके रखडला आहे. त्यात नऊही देश हवेत, जुने साठेही मोजले जावेत आणि मोहोर सगळ्यांच्या दारावर तीच हवी, न्यू मेक्सिकोपासून तुर्भ्यापर्यंत. तुर्भ्यात निरीक्षक येणार म्हटले की आपल्याकडे राष्ट्राभिमान जागा होतो. पण भाभांनी १९५६ साली जे मागितले होते ते काळजीपूर्वक वाचले, तर त्यांचा विरोध तपासणीला कमी आणि एकतर्फीपणाला जास्त होता. बलाढ्यांनीही दार उघडावे ही त्यांची अट पुन्हा मांडायची असेल, तर ते उघडल्यावर आपलेही उघडेल, हे भारताने त्याच वाक्यात म्हटले पाहिजे. तसे म्हणण्याचा अधिकार या देशाइतका दुसऱ्या कुणाला नाही, कारण तपासणी नसली तर काय होते आणि अन्यायाची असली तर काय होते, हे दोन्ही आपल्याला मुंबईच्या दोन अंगांना घडलेले ठाऊक आहे.